मालकांची गादी सरकली

मालक गादीवर आडवे झाले आणि त्यांना उठता येईना.

त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण मालकांचा धंदाच मुळी उठण्यावर चालत होता. रस्त्यावर गाद्यांची इतरही दुकानं होती. तिथले लोक गिऱ्हाइकाला गादी दाबून दाखवत, थोपटून दाखवत आणि किंमत सांगत. मालक मात्र चपला काढून स्वतः गादीवर झोपत, डोळे मिटत, गिऱ्हाईक जरा अस्वस्थ होईपर्यंत निपचित पडून राहत आणि मग हातसुद्धा न टेकता एका झटक्यात उठून उभे राहत. "बघा," ते म्हणत, "पाठ काही बोलली का?" पाठ काही बोलत नसे. दुकानाच्या दारात मालकांचा पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा पुतळा होता. हाताची घडी, छाती पुढे, आणि पायाशी अक्षरं : पाठ तुमची, काळजी आमची. उन्हाने पुतळ्याचा चेहरा उडाला होता, पण पाठ अजून ताठ होती.

त्या दिवशी समोर एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं आणि बरोबर मुलाची आई. मालक झोपले, डोळे मिटले, वेळ झाली तसे उठायला गेले. कमरेत कटकन काहीतरी झालं आणि तिथून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत अशी कळ गेली, की डोळे उघडे असून त्यांना छत दिसेना.

तसं हे दुखणं काही आजचं नव्हतं. गेले कित्येक महिने मालक घरी जमिनीवर झोपत होते. बायकोला त्यांनी उकडतं म्हणून सांगितलं होतं. मग थंडी पडली, तरी मालकांना उकडतच राहिलं. बायकोने काही विचारलं नाही, फक्त एक जादा पांघरूण त्यांच्या उशाशी ठेवायला लागली. पण दुकानात मालक दात आवळून उठत होते, आणि आज दात आवळूनही भागेना.

"काय झालं हो?" मुलाच्या आईने विचारलं.

"काही नाही," मालक म्हणाले.

"मग उठा की."

"उठवत नाही," मालक म्हणाले. वेदनेच्या भरात तोंडून खरं निसटलं होतं.

नव्या सुनेने लगेच सासूचा हात धरला. "बघा ना आई. विकणाऱ्यालाच उठवत नाहीये. हीच घेऊ या."

गल्ल्यावर मालकांचा मेहुणा बसला होता. बायकोचा धाकटा भाऊ. अनेक धंद्यांत आपटी खाऊन तो या दुकानात येऊन टेकला होता, पण संधी मात्र त्याला लांबून दिसायची. "म्हणूनच भाऊजी एरवी या गादीवर झोपत नाहीत," तो म्हणाला. "एकदा पडले की दुकान माझ्या गळ्यात." त्याने आतून एक चादर आणली, मालकांच्या गळ्यापर्यंत ओढली आणि डोक्याखाली विक्रीची उशी सारली. जोडप्याने गादी घेतली. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी तीच गादी दोन नग सांगितली. दुपारपर्यंत दारात माणसं थांबून काचेतून आत बघायला लागली. आतमध्ये एक मनुष्य चेहरा घामेजून, डोळे मिटून पडला होता, आणि लोकांना ते सुख वाटत होतं.

दुपारनंतर मालकांना लघवीला लागली. तो प्रसंग खोलात जाऊन सांगण्यासारखा नाही. मेहुण्याने पाण्याची रिकामी बाटली चादरीखाली सरकवली, आणि नेमके त्याच वेळी एक काका पायथ्याशी उभे राहून गादीची हमी किती वर्षांची, असं विचारत होते. "आयुष्यभराची," मालक डोळे मिटूनच म्हणाले. काकांना हे उत्तर फार आवडलं.

संध्याकाळी शटर ओढल्यावर मेहुण्याने बहिणीला बोलावलं. घर दुकानाच्याच वर होतं, मागच्या जिन्याने. ती आली, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि पदर खोचला. मेहुण्याने पाय धरले, तिने काखेत हात घालून वरचं सगळं वजन घेतलं, आणि दोघांनी मिळून मालकांना कुशीवर वळवून खाली उतरवलं. मालक चार पायांवर उभे राहिले. तसेच जिना चढले. बायको क्षणभर गल्ल्याला धरून वाकलेलीच थांबली आणि मग त्यांच्या चपला हातात घेऊन मागून गेली.

"फार दुखतंय ना?" जिन्यात तिने विचारलं.

"काही नाही गं," मालक पायरीशी बोलले.

हे "काही नाही" मालकांना वडिलांकडून मिळालं होतं, दुकानासकट. आप्पांची पाठ अशीच गेली होती. तेव्हा पाठ उभी चिरत. आप्पा त्या चिरफाडीनंतर जे आडवे झाले ते झालेच. मागच्या खोलीत दुकानातली सगळ्यात भारी गादी घालून त्यांना ठेवलं होतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मालक दारातून डोकं आत घालून विचारत, "आप्पा, दुखतंय का?" आप्पा म्हणत, "काही नाही." मालकांच्या डोक्यावरचं ओझं उतरे आणि ते शटर वर करायला जात. आप्पा त्याच गादीवर गेले. तेव्हापासून मालकांना दोन गोष्टींची भीती होती. एक चिरफाड, आणि दुसरी ती खोली.

बायकोने दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात आडवं घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत होत्या आणि त्यांना गप्पांची आवड नव्हती. त्यांनी मालकांना टाचांवर चालायला लावलं. पाय उचलून बघितले. मग म्हणाल्या, "दोन्ही अंगठे वर करा."

उजवा वर आला. डावा मात्र, हुकूम कानावर पडलाच नाही असा, पडून राहिला. मालकांनी तोंड वेडंवाकडं करून जोर लावला, कान हलले, अंगठा हलला नाही.

मशीनमधल्या फोटोंकडे बघत डॉक्टरबाई म्हणाल्या, "गादी सरकलीये."

"कुठली?" मालकांनी सवयीने विचारलं. "सिंगल की डबल?"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मणक्यांच्या मधली. तिचं कव्हर फाटलंय, आतला गर बाहेर आलाय आणि पायाच्या नसेवर बसलाय."

"म्हणजे शिवण उसवून कापूस बाहेर आलाय."

"अगदी तसंच."

"मग आत भरून टाका मारा."

"तसं होत नाही. बाहेर आलेला तेवढा तुकडा काढून टाकायचा." मालकांना हे पटलं नाही. कापूस फेकणारा कारागीर त्यांनी दुकानात ठेवला नसता. "खरं तर बहुतेकांना काही करावं लागत नाही," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "गोळ्या, थोडा व्यायाम, फार तर नसेजवळ एखादं इंजेक्शन, आणि वेळ दिला की ते आपोआप शांत होतं. पण तुमचा अंगठा पडलाय. नस दबून राहिली तर पाऊलच पडेल. मग ते कायमचं ओढत चालावं लागेल."

"चिरणार?"

"नाही. बाजूने पेन्सिलएवढी नळी घालणार. तिच्या टोकाला कॅमेरा. नळीतून चिमटा जाणार, तुकडा घेऊन बाहेर येणार. एखादा टाका. त्याच दिवशी चालत घरी."

"आणि भूल?"

"तेवढ्या जागेपुरती. तुम्ही जागे असणार आणि बोलत राहणार. नसेला धक्का लागला की पायात कळ जाते. ती मला दिसत नाही, ती तुम्ही सांगायची. तुमचं तोंड हेच माझं यंत्र."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, मग डॉक्टरबाईंकडे. "दुसरं एखादं यंत्र नाही का हो?" तिने विचारलं.

मालक म्हणाले, विचार करून सांगतो. म्हणजे घाबरले होते.

तोवर दुकानात वेगळंच रामायण सुरू झालं. फोमचा नवा माल येणार होता आणि मालकांशिवाय तो उतरवून घेणं मेहुण्याला जमणार नव्हतं. म्हणून त्याने फोमवाल्याला फोन केला. "माल जरा थांबवा. भाऊजींची गादी सरकलीये. सध्या सगळं मीच बघतोय." मेहुणा एवढंच बोलला आणि त्याच्या परीने खरंच बोलला. पण फोमवाल्याने आयुष्यभर धंद्याच्याच गाद्या बघितल्या होत्या. मणक्यातही गादी असते हे त्याच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो फुलांचा गुच्छ घेऊन हजर झाला आणि तो त्याने मेहुण्याच्या हातात दिला. "नव्या मालकांना," तो म्हणाला. "होणारच होतं हे. तुमच्यात धमक आहे."

संध्याकाळपर्यंत साऱ्या रस्त्याला कळलं, की मेहुण्याने मालकांना गादीवरून खाली ओढलं. समोरचा पडदेवाला मुद्दाम जिना चढून समाचाराला आला. मालक जमिनीवर भिंतीला पाय लावून पडले होते. पडदेवाल्याला वाटलं, धक्क्याने.

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का," तो आवाज खाली आणून म्हणाला. "सगळं कळलंय आम्हाला. घरच्याच माणसाने करावं?"

मालकांनी तोंड उघडलं. खरं सांगणं सोपं होतं. पण खाली दारात तो पुतळा छाती काढून उभा होता. पाठीची काळजी घेणाऱ्याचीच पाठ गेली, हे या माणसाला कळलं की उद्या सगळ्या बाजाराला कळणार. त्यापेक्षा मेहुण्याने लुबाडलं हे बरं, त्यात निदान अंगाला कमीपणा नव्हता.

"चालायचंच," मालक म्हणाले. "नशीब एकेकाचं."

पडदेवाला डोळे पुसत गेला. मेहुणा आधी ओशाळला, चार ठिकाणी खुलासा करायला गेला, लोकांना तो आणखीच लबाड वाटला. मग त्याने नाद सोडला. दोन दिवसांनी त्याने गल्ल्यावरची खुर्ची खिडकीपाशी घेतली आणि दारात एक पाटी लावली : या गादीवरून मालकांनाही उठवत नाही.

पाटी लागल्यावर लोक मालक बघायला येऊ लागले. आता नाही म्हणणार कसं? रोज सकाळी बायको आणि मेहुणा मिळून मालकांना खाली आणत, गादीवर घालत, चादर ओढत, आणि संध्याकाळी पुन्हा उचलून वर नेत. वजन दोन्ही वेळा बायकोच्या वाट्याला. मालक आता मालक राहिले नव्हते, दुकानातला माल झाले होते. गोळ्यांच्या गुंगीत ते ऐकत असत. कुणी म्हणे, काय गाढ झोप आहे. कुणी म्हणे, बिचारा, सगळं गेलं आणि अंथरूण धरलं. डोळे मिटले की त्यांना मागची खोली दिसे.

एका संध्याकाळी अंगात जरा हुशारी वाटली म्हणून ते काठी टेकत स्वतःच जिन्याकडे निघाले. पाच-सहा पायऱ्या चढल्यावर बायकोने मागून हाक मारली. तिच्या हातात त्यांची डावी चप्पल होती. ती दुकानाच्या मध्यावरच पायातून गळून पडली होती आणि मालकांना पत्ता नव्हता. बायकोने चप्पल पायरीवर त्यांच्या पावलासमोर ठेवली. मालकांनी पाऊल चपलेत घालायचा प्रयत्न केला, ते पुढून मुडपलं. मग ते तिथेच कठड्याला धरून उभ्याउभ्या रडले.

"फोन कर त्या बाईंना," ते म्हणाले. "सांग, येतो म्हणावं."

ऑपरेशनच्या खोलीत थंडी होती. मालकांना पालथं घातलं होतं, पोटाखाली उशा होत्या. उशा बोगस आहेत, हे मालकांनी एवढ्यातही ताडलं. डॉक्टरबाईंनी पाठीच्या बाजूला सुया टोचल्या, जागा बधिर केली आणि पडद्यावर बघत नळी घातली. "काही वाटतंय?"

"काही नाही."

"छान. आता नसेच्या जवळ जातेय. पायात जराही कळ गेली तर सांगा. आता?"

"काही नाही."

"आता?"

मालकांच्या पायात वीज उतरली. "काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या डाव्या पायाने आपण होऊन शेजारच्या मदतनिसाला लाथ मारली.

खोलीत सगळं थांबलं.

"आत्ता काय झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"तुमच्या पायाने माझ्या माणसाला लाथ घातली."

"चुकून लागली. माफ करा."

डॉक्टरबाई खाली वाकून त्यांच्या चेहऱ्यापाशी आल्या. "हे बघा. नळी आणि नस यांच्यात आता केसाएवढं अंतर आहे. तुम्ही खोटं बोललात तर पाय जाईल, तो माझ्या हातून. असं मला काम करता येणार नाही. मी नळी बाहेर काढते. मग पावलाचं काय व्हायचं ते होईल."

मालकांना बोलायचं होतं. देवाशप्पथ बोलायचं होतं. पण "दुखतंय" हा शब्द घशापर्यंत येई आणि तिथून सवयीने वळून "काही नाही" होऊन बाहेर पडे. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या नाकावरून पाणी खाली टपकलं.

डॉक्टरबाई सरळ झाल्या. "बाहेर बायको आहे का यांची? टोपी-गाऊन घालून आत आणा. डोक्याशी बसवा. कशालाही शिवायचं नाही म्हणून सांगा."

बायको आली. हिरव्या कपड्यांत तिचे नुसते डोळे दिसत होते. स्टुलावर बसताना तिने हळूच टेबलाच्या कडेचा आधार घेतला. परिस्थिती तिला सांगावी लागली नाही. "डॉक्टर," ती म्हणाली, "यांचं काही नाही चार प्रकारचं असतं. नुसतं काही नाही म्हणाले तर खरंच काही नाही. आधी श्वास घेऊन म्हणाले तर थोडं दुखतंय. काही नाही गं म्हणाले तर फार दुखतंय. आणि गप्प बसले तर बघवत नाही. तुम्ही विचारा, मी सांगते."

डॉक्टरबाई क्षणभर विचार करून पडद्याकडे वळल्या. "आता?"

"काही नाही," मालक म्हणाले.

"खरंय," बायको म्हणाली. "जा पुढे."

"आता?"

"...काही नाही."

"थोडं."

"आता?"

"काही नाही गं."

"थांबा डॉक्टर."

नळी थांबली, जरा मागे आली, दुसऱ्या बाजूने निघाली. असं बराच वेळ चाललं. लाथ खाल्लेला मदतनीस आता लांबून, पण मन लावून ऐकत होता. मग एकदा डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मालक काहीच बोलले नाहीत.

"थांबा, थांबा," बायको घाईने म्हणाली. मग ती खाली वाकली. "अहो, तुम्हीच सांगा ना आता. मी कुठवर पुरणार?"

मालकांनी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. इतक्या जवळून बघून बरीच वर्षं झाली होती. "दुखतंय," ते म्हणाले.

"कुठे?" डॉक्टरबाई.

"पायात. मांडीच्या मागून खाली." आणि मग बूच निघाल्यासारखं झालं. "फार दुखतंय. कधीपासून दुखतंय. गादीवर झोपलो की मरणाचं दुखतं, म्हणून मी खाली झोपतो. उकडत नव्हतं मला. तुझा भाऊ माझ्या खुर्चीत बसतो तेही दुखतं."

"खुर्चीचं नंतर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पायाचं बोला."

"पायाचं जरा कमी झालं. आप्पा गेले ना, तेव्हा मी त्यांची गादी उसवायला घेतली. उशाकडचा कोपरा होता. कडेचा गोट सगळा चावलेला. दातांच्या खुणा होत्या. रात्रभर चावत असणार, ओरडू नये म्हणून. आणि मी रोज विचारायचो. काही नाही म्हणाले की निघून जायचो. दुसऱ्यांदा कधी विचारलंच नाही गं."

"माहितीये मला," बायको म्हणाली. "तो गोट मीच शिवत होते. उसवला की नवा घालायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता पायात काही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही," मालक म्हणाले, आणि मग स्वतःच चकित झाले. "खरंच नाही. कळ गेली."

डॉक्टरबाईंनी चिमटा बाहेर काढला आणि एक पांढरट, चिंधीसारखा तुकडा त्यांच्यासमोर धरला. मालकांनी तो एका डोळ्याने बघितला. "एवढासा? याच्यात टाचणीची उशीसुद्धा भरणार नाही."

संध्याकाळी ते चालत घरी आले. बायको बाजूने चालत होती, दोघांतलं कोण कुणाला धरून आहे ते नीट कळत नव्हतं. अंगठा लगेच उठला नाही. पण काही आठवड्यांनी एका सकाळी चहा पिताना तो इंचभर वर आला, आणि मालकांनी कप बाजूला ठेवून सगळ्या घराला दाखवला. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं : वजन उचलायचं नाही, कमरेत वाकायचं नाही, खूप वेळ बसायचं नाही, आणि तो एका झटक्यात उठण्याचा तमाशा तर जन्मात करायचा नाही.

मालक पहिल्यांदा दुकानात उतरले तेव्हा गादीवर ते स्वतः झोपलेले होते. मेहुण्याने पुठ्ठ्याचा पुतळा दारातून उचलून गादीवर आडवा घातला होता आणि गळ्यापर्यंत चादर ओढली होती. काचेतून बघणाऱ्याला फरक कळत नव्हता. उलट पुतळ्याला घाम येत नसल्यामुळे झोप जास्त शांत वाटत होती.

पायथ्याशी एक बाई पर्स छातीशी धरून उभी होती. "हीच का ती?" तिने विचारलं. "उठवत नाही ती?"

"हीच," मेहुणा म्हणाला.

"नाही," मालक म्हणाले. "बाई, गादीचा काही संबंध नाही. माझी पाठ गेली होती म्हणून उठवत नव्हतं. ही गादी मऊ आहे, तुमची पाठ दुखत असेल तर घेऊ नका. मी स्वतः जमिनीवर झोपत होतो." मेहुण्याने डोक्याला हात लावला. पण एकदा निघालेलं बूच मालकांना परत बसवता येत नव्हतं.

बाई जरा विचारात पडली. "मग जमिनीसारखी एखादी आहे का?" तिने विचारलं. मागे भिंतीशी पातळ, कडक गाद्यांची थप्पी होती, धूळ खात पडलेली. मालकांनी त्यातली एक दाखवली. बाईने ती घेतली.

दुपारपर्यंत रस्त्याला खरं कळलं. पडदेवाला सगळ्यात जास्त हिरमुसला. त्याने मेहुण्याला चांगल्या चार शिव्या घातल्या होत्या, त्या वाया गेल्या. मेहुणा खुर्चीतून उठला. "बसा भाऊजी. तुमची गादी तुम्हाला."

"तूच बस," मालक म्हणाले. "मला बसायची बंदी आहे." अशा रीतीने मेहुण्याला गादी मिळाली, आणि तीही कुणाला न ओढता.

दुकान बंद करायची वेळ झाली. बायको खाली आली. "यांना आधी उभं करा," ती पुतळ्याकडे बघून म्हणाली, "अपशकुन वाटतो." मालकांना वाकायची बंदी, मेहुणा हिशेबात, म्हणून तिनेच चादर काढली आणि पुतळ्याच्या काखेत हात घातले. पुठ्ठ्याला वजन ते काय. पण ती अर्ध्यात थांबली. एक हात कमरेवर गेला. तिने ओठ मिटून घेतले आणि पुतळा तसाच टेकवून ठेवला.

"काय झालं?" मालकांनी दारातून विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

मालकांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. हात शटरच्या कडीकडे गेला. कडी हाताला गार लागली आणि हात तिथेच राहिला. काही नाही म्हणायच्या आधी तिने श्वास घेतला होता.

सकाळ-संध्याकाळ त्यांना कुणी उचललं होतं, ते मालकांना आत्ता कळलं. ते वळले, गल्ल्यापर्यंत गेले आणि मेहुण्याला म्हणाले, "ऊठ. खुर्ची दे." खुर्ची त्यांनी पायाने ढकलत तिच्यापाशी नेली, तिला बसवलं, आणि बंदीचा हुकूम मोडू नये म्हणून कमरेत न वाकता, गुडघ्यांवर, गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी खाली बसले. तिच्या पायातल्या चपला काढल्या.

"अहो, हे काय. काही नाही झालेलं."

"अंगठे वर कर."

"भाऊ बघतोय."

"बघू दे. वर कर."

उजवा वर आला. डावा यायला वेळ लागला. मालक श्वास धरून बघत राहिले. तो आला, पण थरथरत आला.

मेहुण्याने कुणी न सांगताच फोन लावला होता. पलीकडून डॉक्टरबाई काहीतरी विचारत होत्या. "भाऊजी," त्याने फोनवर हात ठेवून विचारलं, "कुणाची गादी सरकली म्हणून सांगू?"

मालकांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "दुखतंय का?" त्यांनी बायकोला दुसऱ्यांदा विचारलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. "हो," ती म्हणाली.